जुन्या खेळांतला पळणारा, अडणारा आणि थरथरणारा नकाशा : आधुनिक मॉनिटरवर स्क्रोलिंग कसे दुरुस्त करावे

१९९६ मधला रेड अलर्ट, १९९७ मधले एज ऑफ एम्पायर्स आणि थीम हॉस्पिटल, १९९८ मधले स्टारक्राफ्ट, सीझर ३ आणि बाल्डर्स गेट या सगळ्या खेळांत एका वेळी जगाचा एक तुकडाच पडद्यावर दिसतो आणि कर्सर कडेला नेला की उरलेले जग सरकत समोर येते. हे सरकणे बिघडले की खेळ चालू असूनही खेळता येत नाही, कारण शत्रू कुठून आला हे पाहायला जावे तर नकाशा थेट दुसऱ्या टोकाला जाऊन आदळतो, किंवा कर्सर कडेला टेकवूनही जागचा हलत नाही, किंवा हलतो तो असा की डोळे दुखू लागतात.

पळणे, अडणे आणि थरथरणे या तीन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत. अनेकजण त्यांची गल्लत करतात, तासभर खेळातली स्क्रोल स्पीडची पट्टी मागेपुढे करत बसतात आणि शेवटी खेळ काढून टाकतात. म्हणून या लेखात आधी निदान आणि मग उपाय असा क्रम ठेवला आहे.

एक व्यावहारिक सूचना आधीच द्यायला हवी. पुढे सेटिंगच्या जितक्या नावांचा उल्लेख येईल तितकी सगळी फाइलमध्ये रोमन अक्षरांत लिहिलेली असतात; इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

हात घालण्यापूर्वी

खेळ ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची एक पूर्ण प्रत काढून ठेवावी. तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलेला असेल तर तिथून काढून सी ड्राइव्हवर गेम्स नावाचे साधे फोल्डर करावे आणि त्यात पुन्हा बसवावा. याचे कारण असे की विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू पाहणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमचे लिखाण विंडोज गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये वळवते. मग आपण सेटिंगची एक फाइल बदलत राहतो, खेळ दुसरीच फाइल वाचत राहतो आणि काही केल्या फरक का पडत नाही हे कळत नाही. या एका गोष्टीपायी माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली आहे.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा, खेळ सुरू करून पाहावा आणि काय झाले ते लिहून ठेवावे.

निदान

खेळ सुरू करून मोठा नकाशा उघडावा आणि पडदा दोन प्रकारे सरकवून पाहावा. एकदा माउसला हात न लावता केवळ बाणाच्या कळांनी सरकवावा आणि एकदा कळांना हात न लावता केवळ कर्सर कडेला नेऊन सरकवावा.

कळांनी व्यवस्थित सरकतो पण कडेला कर्सर नेल्यावर सरकत नाही, असे असेल तर दोष कर्सरच्या वाटेत आहे. दोन्ही प्रकारांनी पडदा भरधाव पळत असेल तर दोष फ्रेमच्या वेगात आहे; फ्रेम म्हणजे खेळ एकामागून एक काढत असलेले प्रत्येक चित्र. माउस हलत असतानाच सगळे अडखळते आणि तो थांबला की सुरळीत होते, असे असेल तर दोष माउसच्या कळवण्याच्या गतीत आहे. वेग बरोबर वाटतो पण सरकताना चित्र ठेचकाळते किंवा पुसट होते, असे असेल तर प्रश्न मॉनिटरच्या रिफ्रेश रेटचा, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा (किती हर्ट्झने) चित्र नव्याने रंगवतो त्याचा आहे.

वेग मोजण्यासाठी घड्याळ वापरावे. नकाशाच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते टिपून ठेवावे, कारण दहा मिनिटे खेळल्यावर चुकीचा वेगही डोळ्यांना सवयीचा वाटू लागतो.

पडदा पळतो तेव्हा

आपल्याला आठवतो तो जुन्या खेळाचा स्क्रोल वेग अनेकदा प्रोग्रॅमरने ठरवलेला नसतो, तर त्या काळच्या यंत्राच्या संथपणातून आलेला असतो. बऱ्याच खेळांत नियम एवढाच असतो की कर्सर कडेला असेल तर प्रत्येक फ्रेमला नकाशा अमुक इतके पिक्सेल सरकवावा. समजा, तो आकडा १६ आहे आणि नकाशा ४००० पिक्सेल रुंद आहे. सेकंदाला ३० फ्रेम काढणाऱ्या यंत्रावर नकाशा सेकंदाला ४८० पिक्सेल सरकेल आणि या टोकापासून त्या टोकाला जायला आठ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागेल. तोच खेळ आजच्या यंत्रावर सेकंदाला ६०० फ्रेम काढू लागला तर वेग ९६०० पिक्सेल होतो आणि तेच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत संपते. खेळातली पट्टी या १६ चे फार तर ४ करील, पण वीसपट फरक तिच्याने भरून निघत नाही. उपाय एकच, तो म्हणजे खेळाला त्याचा मूळ ठेका परत देणे.

पहिली पायरी अगदी सोपी आहे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले या भागात जाऊन रिफ्रेश रेट तात्पुरता ६० करावा आणि खेळ पुन्हा लावून पाहावा. जे खेळ मॉनिटरच्या ठेक्यावर चालतात ते १४४ हर्ट्झवर २.४ पट वेगाने पळतात आणि ६० वर आणताच जागेवर येतात. तेवढ्याने काम झाले तर पुढे जाण्याची गरज नाही.

दुसरी पायरी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची, म्हणजे एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट ठरवण्याची. अनेकजण इथूनच सुरुवात करतात आणि निराश होतात. ही मर्यादा डायरेक्टथ्रीडी, ओपनजीएल किंवा व्हल्कन वापरणाऱ्या खेळांना लागू होते, तर नव्वदच्या दशकातले बहुतेक द्विमितीय खेळ डायरेक्टड्रॉ ही विंडोजची चित्र काढण्याची जुनी व्यवस्था वापरतात. विंडोज ८ पासून डायरेक्टड्रॉचे काम बरेचसे नकलेवर चालते, त्यामुळे ड्रायव्हरची मर्यादा अशा खेळापर्यंत पोचतच नाही. याच कारणाने काही खेळांत उलटा अनुभवही येतो आणि इतक्या ताकदवान यंत्रावर पडदा पूर्वीपेक्षा मंद सरकतो.

म्हणून डायरेक्टड्रॉच्या खेळासाठी खरा उपाय रॅपरचा आहे. रॅपर म्हणजे खेळ आणि विंडोज यांच्यामध्ये बसणारी दुभाषी फाइल. खेळ जुन्या भाषेत बोलतो आणि रॅपर ते आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा भाषेत सांगतो. सीएनसी-डीड्रॉ, डीजीव्हूडू २ आणि डीड्रॉकॉम्पॅट हे तीन विनामूल्य रॅपर प्रसिद्ध आहेत. स्क्रोलिंगच्या दुरुस्तीसाठी मी आधी सीएनसी-डीड्रॉ वापरून पाहतो, कारण फ्रेमचा वेग आणि कर्सर हे दोन्ही प्रश्न त्याच्या एकाच सेटिंग फाइलमधून सुटतात.

तो बसवण्यासाठी कर्त्याच्या मूळ प्रकल्प पानावरून झिप फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्यातल्या सगळ्या फाइली, खेळाची एक्झी फाइल जिथे आहे त्याच फोल्डरमध्ये टाकाव्यात. डीड्रॉ नावाची डीएलएल फाइल त्या एक्झीच्या शेजारीच असायला हवी. ती आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये गेली तर खेळ तिची दखल घेत नाही. मग डीड्रॉ नावाचीच आयएनआय फाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, नोटपॅडमध्ये उघडावी.

त्या फाइलमध्ये मॅक्स-एफपीएस आणि मॅक्स-गेम-टिक्स (फाइलमध्ये ही नावे मधल्या रेघांशिवाय सलग असतात) या दोन सारख्या दिसणाऱ्या ओळी आहेत आणि त्यांच्यातला फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे. मॅक्स-एफपीएस केवळ रॅपरने पडद्यावर चित्र किती वेळा रंगवायचे ते ठरवते. तिथे ३० लिहिले तर चित्र सेकंदाला तीसदा दिसेल, पण आत खेळ पूर्वीच्याच वेगाने नकाशा पळवत राहील. खेळाच्या स्वतःच्या ठेक्याला लगाम घालते ती मॅक्स-गेम-टिक्स. तिथे आधी ६० लिहून खेळ लावावा, घड्याळाने नकाशाची फेरी मोजावी, वेग अजून जास्त वाटला तर ३०, मग २५, मग २० असे खाली यावे. आकडा बदलला की प्रत्येक वेळी फाइल जतन करून खेळ पूर्ण बंद करावा आणि नव्याने सुरू करावा.

इथे स्क्रोलबरोबर पायदळाकडेही लक्ष ठेवावे. ज्या खेळांत सैनिकांची चाल घड्याळावर चालते तिथे लगाम घातल्यावर केवळ स्क्रोल शांत होतो आणि बाकी सगळे होते तसेच राहते. पण जिथे सगळेच फ्रेमवर बेतलेले आहे तिथे आकडा फार खाली नेला तर सैनिकही चिखलातून चालल्यासारखे चालू लागतात. अशा खेळात आधी खेळाचा एकूण वेग बरोबर वाटेल असा आकडा शोधावा आणि उरलेला फरक खेळातल्या स्क्रोलच्या पट्टीने भरून काढावा. आता ती पट्टी खरोखर उपयोगी पडते.

काही खेळांना रॅपरचीही गरज नसते. बाल्डर्स गेटच्या मूळ आवृत्तीत खेळाच्या आयएनआय फाइलमध्येच माउस स्क्रोल स्पीड आणि कीबोर्ड स्क्रोल स्पीड अशा दोन स्वतंत्र ओळी आहेत, त्या थेट बदलता येतात. म्हणून कोणताही बाहेरचा उपाय करण्यापूर्वी खेळाच्या फोल्डरमधल्या आयएनआय आणि सीएफजी फाइली उघडून त्यांत स्क्रोल हा शब्द शोधून पाहावा.

पडदा सरकतच नाही तेव्हा

कडेला कर्सर नेल्यावर पडदा सरकण्यासाठी खेळाला कर्सर नेमक्या शेवटच्या पिक्सेलवर किंवा त्याच्या अगदी जवळ सापडावा लागतो. आजच्या मांडणीत तो तिथे न सापडण्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण दुसरा मॉनिटर हे आहे. कर्सर उजव्या कडेवर थांबत नाही, तर ती ओलांडून शेजारच्या मॉनिटरवर जातो आणि एखाद्या चुकीच्या क्लिकने खेळ खाली दडतो. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून एकच पडदा चालू ठेवणे हा झटपट उपाय आहे. दुसरा मॉनिटर चालू ठेवायचा असेल तर एक युक्ती फार उपयोगी पडते. डिस्प्ले सेटिंगमध्ये दोन्ही मॉनिटरचे चौकोन दिसतात. त्यातला दुसरा चौकोन माउसने धरून पहिल्याच्या तिरक्या दिशेला असा न्यावा की दोघे केवळ एका कोपऱ्यात टेकतील. त्यामुळे चारही कडा मोकळ्या होतात, कर्सर भिंतीला टेकल्यासारखा कडेवर थांबतो आणि निसटायला उरतो तो फक्त एक कोपरा. सीएनसी-डीड्रॉ बसवला असेल तर तो कर्सर मुळातच खेळाच्या आत कोंडून ठेवतो; बाहेर पडायचे तेव्हा कंट्रोल आणि टॅब दाबावे. त्याच्या आयएनआय फाइलमधली डेव्हमोड ही ओळ चुकून ट्रू झाली असेल तर हे कोंडणे बंद पडते, म्हणून ती फॉल्स असल्याची खात्री करावी.

दुसरे कारण विंडोजचे स्केलिंग हे आहे. अक्षरे मोठी दिसावीत म्हणून आपण १५० टक्के स्केलिंग ठेवतो, तेव्हा १९२० बाय १०८० च्या मॉनिटरचा आकार जुन्या प्रोग्रॅमला १२८० बाय ७२० असा सांगितला जातो. खेळ आणि विंडोज यांच्या मोजपट्ट्या जुळेनाशा होतात आणि खेळाला वाटणारी उजवी कड एकीकडे, तर कर्सर थांबतो ती जागा भलतीकडेच, असे घडते. डावीकडे आणि वर पडदा नीट सरकतो पण उजवीकडे आणि खाली सरकत नाही, ही या दोषाची ओळखीची खूण आहे. खेळाच्या एक्झी फाइलवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे, कम्पॅटिबिलिटी या भागात जावे, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज दाबावे, खालचा ओव्हरराइडचा चौकोन खूण करून निवडावा आणि यादीतून ॲप्लिकेशन हा पर्याय घ्यावा. खेळ आधी लाँचर उघडत असेल तर लाँचरच्या आणि प्रत्यक्ष खेळाच्या अशा दोन्ही एक्झी फाइलींवर हे करावे लागते. एकीवरच केले तर फरक पडत नाही आणि उपाय चुकीचा होता असा गैरसमज होतो.

तिसरे कारण चित्राच्या बाजूंचे काळे पट्टे. जुने खेळ ४ : ३ या प्रमाणाचे आणि आजचे मॉनिटर १६ : ९ चे. १९२० बाय १०८० वर ६४० बाय ४८०, ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ यांपैकी काहीही प्रमाण राखून मोठे केले तरी चित्र १४४० बाय १०८० होते आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे पट्टे उरतात. हे मोठे करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटर करत असेल तर खेळाला पट्ट्यांचा पत्ताच नसतो आणि कर्सर बरोबर चित्राच्या कडेवर थांबतो. पण काही विंडो-साधने केवळ चित्र ताणतात, कर्सरला मात्र पट्ट्यांवर फिरू देतात, आणि मग कड लागतच नाही. सीएनसी-डीड्रॉमध्ये विंडोड आणि फुलस्क्रीन या दोन्ही ओळी ट्रू केल्या की बिनचौकटीची पूर्ण पडद्याची विंडो मिळते, मेन्टास ट्रू केले की प्रमाण राखले जाते आणि ॲडजमाउस ट्रू असेल तर माउसची चालही वाढवलेल्या चित्राशी जुळवली जाते. मला हीच रचना सर्वांत भरवशाची वाटते, कारण तिच्यात मॉनिटरचे रिझोल्यूशन बदलत नाही आणि खेळातून बाहेर आल्यावर डेस्कटॉपवरची चिन्हे विस्कटत नाहीत.

२५६० बाय १४४० चा मॉनिटर असेल तर आणखी एक सुख मिळते. ६४० बाय ४८० ची तिप्पट बरोबर १९२० बाय १४४० होते, म्हणजे उंची पुरेपूर भरते आणि प्रत्येक जुना पिक्सेल तीन बाय तीनचा स्वच्छ चौकोन होतो. सीएनसी-डीड्रॉमधले बॉक्सिंग किंवा ड्रायव्हरमधले इंटिजर स्केलिंग वापरून हे साधता येते. १०८० च्या मॉनिटरवर हीच पट २.२५ येते, त्यामुळे काही पिक्सेल दोनचे आणि काही तीनचे होतात आणि नकाशा सरकू लागला की बारीक रेषा लवलवताना दिसतात. पुष्कळांना हा स्क्रोलिंगचा दोष वाटतो, पण तो मोठे करण्याच्या हिशोबातला दोष आहे.

माउस हलतानाच अडखळण्याविषयी थोडक्यात सांगतो. साधा यूएसबी माउस आपली जागा सेकंदाला १२५ वेळा कळवतो, तर खेळांसाठीचे आजचे माउस १००० वेळा किंवा त्याहून अधिक. काही जुने खेळ प्रत्येक निरोप एकेक करून हाताळतात आणि त्या गर्दीत नकाशा रंगवायला त्यांना सवडच मिळत नाही. माउसच्या सोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये पोलिंग रेट १२५ वर आणला की हा दोष जातो.

पडदा थरथरतो तेव्हा

वेग बरोबर आहे, कड लागते आहे, तरीही सरकताना नकाशा दर काही क्षणांनी ठेच लागल्यासारखा उडतो. इथे साधा भागाकार मदतीला येतो. खेळ सेकंदाला ३० फ्रेम काढतो आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा आहे, तर प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते आणि चाल एकसारखी राहते. तोच खेळ १४४ हर्ट्झवर लावला तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला ४.८ फेऱ्या येतात, म्हणजे काही फ्रेम चार फेऱ्या टिकतात आणि काही पाच, आणि डोळा हा असमानपणा लगेच पकडतो. म्हणून अशा मॉनिटरवर जुने खेळ खेळताना १४४ ऐवजी १२० हर्ट्झ निवडावे. २०, ३० आणि ६० हे तिन्ही आकडे १२० ला निःशेष भागतात.

डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्वीच्या व्यवस्थेवरच्या, खेळांचा हिशोब वेगळा आहे. व्हीजीए या त्या काळच्या ग्राफिक्स पद्धतीच्या ३२० बाय २०० या मोडमध्ये मॉनिटर सेकंदाला जवळपास ७० वेळा रंगवला जात असे. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर त्यातल्या दहा फ्रेम दर सेकंदाला गाळल्या जातात, आणि आडव्या सरकणाऱ्या खेळांत प्रत्येक गाळणे एक हिसका म्हणून जाणवते. मॉनिटर झेपवत असेल तर ड्रायव्हरमध्ये ७० हर्ट्झचे कस्टम रिझोल्यूशन बनवावे किंवा वेगवान मॉनिटरवर १४० हर्ट्झ. फ्रीसिंक किंवा जी-सिंक असलेला मॉनिटर असेल तर तो खेळाच्या ठेक्याशी स्वतःच जुळवून घेतो आणि हा भागाकार करावा लागत नाही.

डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसचे खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खेळ फार पळत असेल तर कंट्रोल आणि एफ ११ दाबून सायकल्स, म्हणजे नकली प्रोसेसरचा वेग, कमी कराव्यात, मंद असेल तर कंट्रोल आणि एफ १२ ने वाढवाव्यात, आणि योग्य वाटणारा आकडा विंडोच्या मथळ्यावरून टिपून सेटिंग फाइलमधल्या सायकल्सच्या ओळीत कायमचा लिहावा. माउस विंडोबाहेर निसटत असेल तर कंट्रोल आणि एफ १० त्याला आत कोंडते. कमांडर कीनसारखे खेळ ग्राफिक्स कार्डाच्या रजिस्टरांतून थेट पडदा सरकवत, त्यामुळे तिथे मशीन या ओळीत व्हीजीएओन्ली हा सलग शब्द लिहून पाहावे. कीनच्या चौथ्या ते सहाव्या भागांत तर खेळाच्याच पर्यायांमध्ये फिक्स जर्की मोशन नावाची सोय दिलेली आहे.

सरकताना येणारा पुसटपणा मात्र निराळा आहे. जुन्या काचेच्या मॉनिटरवर प्रत्येक फ्रेम क्षणभर चमकून विझत असे, तर आजचा पडदा ती पुढची फ्रेम येईपर्यंत धरून ठेवतो, ६० हर्ट्झवर सुमारे १६.७ मिलिसेकंद. नकाशा सेकंदाला ९६० पिक्सेल सरकत असेल तर तेवढ्या वेळात सरकत्या चित्रामागे जाणारा डोळा १६ पिक्सेल पुढे गेलेला असतो, आणि तेवढाच पट्टा पुसट दिसतो. खेळ ६० फ्रेमच काढत असेल तर १२० हर्ट्झचा मॉनिटर आणूनही हे १६ पिक्सेल कमी होत नाहीत. मॉनिटरमध्ये बॅकलाइट स्ट्रोबिंग किंवा दोन फ्रेमच्या मध्ये काळी फ्रेम घालण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि रिफ्रेश रेट खेळाच्या फ्रेमइतकाच ठेवावा, नाहीतर चित्र दुहेरी दिसते. अशी सोय नसेल तर स्क्रोलचा वेग थोडा कमी ठेवणे हाच उपाय उरतो, आणि तो दिसतो त्याहून बराच गुणकारी आहे.

लिनक्सवर, आणि काहीच जमले नाही तर

वाइनमध्ये, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनात, चालणाऱ्या खेळासाठी वाइनच्या सेटिंगमधल्या ग्राफिक्स या भागात पूर्ण पडद्याच्या विंडोत माउस पकडून ठेवण्याचा पर्याय आणि आभासी डेस्कटॉपचा पर्याय आहे. कर्सर निसटण्याचा प्रश्न बहुधा या दोहोंपैकी एकाने सुटतो. गेमस्कोप या खेळाला स्वतंत्र आभासी पडदा देणाऱ्या साधनात खेळ चालवला तर आतले रिझोल्यूशन, बाहेरचे रिझोल्यूशन आणि फ्रेमची मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच आज्ञेत देता येतात.

काही खेळांसाठी स्वयंसेवकांनी संपूर्ण इंजिनच नव्याने लिहिले आहे: थीम हॉस्पिटलसाठी कॉर्सिक्सटीएच, सीझर ३ साठी जुलियस आणि ऑगस्टस, रोलरकोस्टर टायकून २ साठी ओपनआरसीटी २, हीरोज ३ साठी व्हीसीएमआय. ही इंजिने मूळ खेळाच्या फाइली वापरतात, म्हणून मूळ खेळ आपल्याकडे असावा लागतो, पण त्यांत स्क्रोलचा वेग फ्रेमवर अवलंबून ठेवायची गरजच उरलेली नाही. आपला खेळ या यादीत असेल आणि तो मूळच्या एक्झीतच चालवण्याचा आग्रह नसेल तर वरचे सगळे प्रयोग करण्यापूर्वी हे इंजिन बसवून पाहावे.